बिडकीनचा लाल ठिपका

चार वाजले आणि बिडकीनचा ठिपका परत लाल झाला. कृष्णानं खुर्ची मागं सरकवत फोन उचलला.

"अण्णा, पेटी बंद पडली वाटतं."

"मला काय विचारतो?" पलीकडून कारभारी, त्याचे वडील. "मी हातबी नाय लावला."

"वायर बघता का जरा?"

"बघतो. जेवला का?"

"जेवलो. वायर?"

"हाय की जागेवर. कशाशी जेवला?"

वायरीची ही चौकशी चांगली लांबायची. तिच्यात गवार, दुखरा गुडघा आणि गाभण गाय असं सगळं येऊन जायचं. मग फोन ठेवला, की ठिपका हिरवा.

औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत कृष्णा 'राखण' नावाचं सॉफ्टवेअर बनवत होता. नेटवर्कवर जे जे जोडलंय त्यातलं चालू काय अन् बंद काय, ते ही राखण सांगायची. चालू असेल तो ठिपका हिरवा, बंद असेल तो लाल. सगळं फुकट आणि उघडं. कुणीही न्यावं, आत डोकावावं, दुरुस्त करावं. कॉलेजांत, दवाखान्यांत, लोक तर म्हणत परदेशातसुद्धा, ती वापरात होती. नवी आवृत्ती पावसाळ्यापासून तयार होती. अडली होती ती एकट्या बिडकीनपायी.

"एका ठिपक्यासाठी किती थांबायचं?" त्याची बायको प्रेरणा वैतागली. वापरणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरं तीच द्यायची. "लोक विचारून दमले. त्या कॉलेजानं वर्षभराचं काम देऊ केलंय, तेही आता दुसरीकडं बघायला लागलेत."

"दोष सापडू दे."

"मग जाऊन बघ ना बिडकीनला."

"फोनवर भागतंय की."

फोनवर भागतंय, हेसुद्धा नवलच होतं. कारभारींच्या अर्ध्या रानात कारखाना उभा राहिला, त्यातच कृष्णाला परमनंट नोकरी लागली, आणि पोरगं ती सोडून आलं. "मी जल्मभर रान राखलं ते घरात दाणं यावं म्हणून," कारभारी गरजले होते, "अन् तू जगाची फुकट राखण करणार?" त्यावर बापलेकांचं बोलणं बंद झालं ते दोन वर्षं. मग एका दिवाळीत कृष्णानं बिडकीनच्या घरी टीव्हीशेजारी एक पेटी आणून ठेवली, "तपासणीसाठी आहे" एवढंच म्हणाला आणि निघून आला.

शेवटी रविवारी प्रेरणाच स्कूटर काढून बिडकीनला गेली.

पेटी टीव्हीशेजारीच होती, हिरवा दिवा लुकलुकत होता. तिनं उचलून पाहिली; आकाराच्या मानानं जडच होती. कारभारी चहाचा कप घेऊन उभे होते, पण नजर तिच्या हाताकडं.

"मामा, खरं सांगा."

"तू सांगशील त्याला."

"नाही सांगत."

कारभारींनी दाराबाहेर बघून घेतलं. "चारच्या ठोक्याला मीच हे भिंतीवरचं बटन बंद करतो. लगेच येतो बघ त्याचा फोन. एक दिवस चुकला नाय."

प्रेरणानं बटन दाबून पाहिलं. "दिवा तर चालूच आहे."

"ते येडं तसंच राहतं. बटन बंद करा नाय तर काय करा, ते आपलं लुकलुकतंय. पण फोन येतो." त्यांनी हळूच बटन परत चालू केलं, पेटीवरची धूळ उपरण्यानं टिपली. "ती नवी काय ती निघाली की पेटी घेऊन जाणार म्हणं. मग कशाला करील फोन?"

प्रेरणानं चहा संपवला. तिला हसूही येत होतं आणि नाकही ओढावं लागत होतं. तो बिचारा रात्रंदिवस दोष शोधतोय, आणि दोष इथं उपरणं घेऊन उभा!

"आज बटनाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "घराला कुलूप घाला आणि चला माझ्यासंगं."

"त्यानं कुठं बोलावलंय?"

"मी बोलावतेय. बसा मागं."

वाटेत दोनदा कारभारी म्हणाले, "परत जाऊ का?" औरंगपुऱ्यात पोचेस्तोवर चार वाजत आले. जिना चढताना त्यांनी उपरणं झटकलं, टोपी नीट केली. दार अर्धं उघडं होतं. प्रेरणानं ओठावर बोट ठेवलं.

कृष्णा पाठमोरा बसला होता. समोरच्या पडद्यावर सगळे ठिपके हिरवेगार, बिडकीनसुद्धा. झालं, मिटला दोष, प्रेरणाला वाटलं. उद्याच आवृत्ती बाहेर पडणार.

कृष्णानं घड्याळात पाहिलं. मग पुढं वाकून दोन-चार अक्षरं टाइप केली आणि कळ दाबली.

बिडकीनचा ठिपका लाल झाला.

त्यानं खुर्ची मागं सरकवत फोन उचलला, घसा साफ केला. आणि त्याच्यामागं, दारात उभ्या कारभारींच्या खिशात, घराच्या चावीशेजारी, फोन वाजायला लागला.