सरवा

तेजस्विनी आजीला हाताला धरूनच मधुकररावांच्या अंगणात घेऊन आली. दुसऱ्या हातात धानाच्या लोंब्यांचं गाठोडं होतं. ते तिनं ओट्यावर ठेवलं आणि बाजूला सरकली.

"माफी माग," ती आजीला म्हणाली.

मनकर्णाबाई उभी राहिली. कशाची मागायची ते तिला अजून नीट उमगलं नव्हतं. ओट्यावर मधुकरराव चहा पीत होते. त्यांचा मुलगा भुपेंद्र खुर्चीतून अर्धा उठला होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्यानंच गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. धान काढून नेलेल्या शेताच्या तुकड्यात, बांधीत, एक बाई वाकून लोंब्या वेचते आहे, एवढंच त्यात होतं. तोंड दिसत नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'आमच्या शेतात दिवसाढवळ्या चोरी. कोण आहे ते ओळखा.' लोकांनी लुगड्यावरून ओळखलं.

"तुमी आहा हे मले माहीत नव्हतं, आजी," भुपेंद्र म्हणाला. तो खरंच ओशाळला होता. "मागच्या हप्त्यात मोटरचा केबल चोरून नेला आमचा. म्हणून दिसला त्याचा व्हिडिओ घेऊन राहिलो मी. पण तुमीबी दुसऱ्याच्या बांधीत..."

"सरवा वेचत होती मी."

"सरवा म्हणजे?"

मनकर्णाबाईनं मधुकररावांकडे पाहिलं. मधुकररावांनी कपात पाहिलं. त्यांची आई होती तोवर कापणाऱ्या बायांना ताकीद असे, खाली पडलेली लोंबी उचलायची नाही, ती मागून येणारीची. भारे खळ्यावर गेले की ज्यांना शेत नाही अशा बाया टोपल्या घेऊन बांधीत उतरत. त्यांना कोणी हटकत नसे. हटकणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही म्हणत. मनकर्णाबाई त्यांच्यात असायची. शाळेत जाणाऱ्या मधुकररावांनी तिला रोज पाहिलं होतं.

"आता हार्वेस्टर येते," मधुकरराव म्हणाले. "ते सगळं आता राहिलं नाही."

"तरी पडतेच ना खाली," मनकर्णाबाई म्हणाली.

"पडलं म्हणून ते आपलं होते का, आजी?" तेजस्विनीचा आवाज चिरकला. "मी पोलीस भरतीची तयारी करून राहिली. आज ग्राउंडवर पोरी मले पाहून हसल्या. एकीनं विचारलं, पयले घरच्या चोराले पकडशील का म्हणून. काय सांगू मी त्याहिले?"

मनकर्णाबाईनं नातीकडे पाहिलं. याच पोरीला तिनं सरव्याच्या धानाचे मुरमुरे खाऊ घातले होते.

"जाऊ दे ना, तेजस्विनी," भुपेंद्र म्हणाला. "आजी, तुमी नुसतं मागतलं असतं तरी पोतंभर दिलं असतं आमी."

"मागतलं असतं तं भीक झाली असती, बाप्पा," मनकर्णाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. कोणी विचारल्यावर आपल्या गावाचं नाव सांगावं, तसं तिनं सांगितलं.

मधुकररावांनी कप खाली ठेवला.

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला, गीताबाईंना, राहवलं नाही. त्या आत गेल्या आणि तांदळाची थैली घेऊन आल्या. "घेऊन जा वो, मनकर्णाबाई. नव्या धानाचे आहेत."

ती थैली पाहून भुपेंद्रला सुचलं. "थांबा, एक फोटो काढू. तो व्हिडिओ डिलीट करतो न हा टाकतो. लोकाचं तोंड बंद होईल."

सगळ्यांना ते पटलं. तेजस्विनीला सगळ्यांत आधी पटलं. तिनं आजीचा पदर सारखा केला, कपाळावरचे केस मागे सारले आणि तिला मधुकररावांच्या समोर उभं केलं. मधुकररावांच्या हातात थैली दिली गेली.

"आजी, हात पुढं करा," मोबाइल उंच धरून भुपेंद्र म्हणाला.

मनकर्णाबाईला वाटलं, आता आपल्याला राग यायला पाहिजे. नाही तर लाज तरी. ती वाट पाहत राहिली. काहीच आलं नाही. रात्रभर अंगाखाली दबलेला हात जसा आपला वाटत नाही, तसं तिला तिचं सगळं अंग वाटत होतं.

"कर ना पुढं, आजी," तेजस्विनी हळूच म्हणाली.

तिनं हात पुढं केले.

"बाबा, खाली नका पाहू. इकडं पाहा."

मधुकररावांनी मान वर केली. फोटो निघाला.

परतताना थैली तेजस्विनीनं खांद्यावर घेतली. गाठोडं ओट्यावरच राहिलं. गीताबाई घेऊन जा म्हणाल्या, पण पोरीनं ऐकलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या होत्या. मनकर्णाबाई त्यांच्याकडे न पाहता चालत होती.

वाटेत तेजस्विनीचा फोन सारखा वाजू लागला. ती थांबली. पाहता पाहता तिचा चेहरा सैल झाला. सकाळपासून पहिल्यांदा ती हसली.

"पाय ना, आजी! सगळे हात जोडून राहिले ग्रुपवर."

तिनं फोन आजीसमोर धरला. लहान लहान पिवळे जोडलेले हात, एकाखाली एक, पडदाभर होते.

मनकर्णाबाईनं वाकून पाहिलं.

"कोणाले?" तिनं विचारलं.

तेजस्विनीनं फोन आपल्याकडे वळवला आणि वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहू लागली.