नवलप्रदेशची नदी

"नदी इकडून नाही वळत. वीटभट्टीच्या मागून वळते," पुनम म्हणाली.

योगेंद्रनं मुकाट्यानं स्क्रीनवरची नदी पुसली. परत काढली. आता कुठं ती नदीसारखी दिसायला लागली.

चोपडा गावात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. गेम बनवायला तो व्हिडिओ बघून बघून, रडतखडत शिकलेला. गेम साधा होता: केळीचा ट्रक घ्यायचा, नवलप्रदेश नावाच्या राज्यातून चालवायचा, केळी पिकायच्या आत माल पोचवायचा. ट्रक झकास जमला. राज्यच जमेना. गावांची नावं सुचतच नव्हती. रामपूर झालं, शिवापूर झालं, मग थेट रामपूर दोन.

"एका राज्यात दोन रामपूर? ड्रायव्हर चुकेल ना," एकदा चहा ठेवताना पुनम म्हणाली, आणि चक्क हसली. लग्नानंतर पहिल्यांदा.

त्या हसण्यासाठी योगेंद्रनं अख्खं राज्य तिच्या हवाली केलं असतं. केलंही.

लग्न जमता जमत नव्हतं त्याचं. पोरीवाल्यांना नोकरीवाला पाहिजे, पुण्यात फ्लॅट पाहिजे. शेवटी पस्तिशी आली तेव्हा आईनं, मंजुळाबाईनं, एजंट गाठला. गावात तशा चार-पाच सुना आणलेल्याच होत्या. एजंट म्हणाला, पोरगी लांबची आहे, अनाथ आहे, मागं-पुढं कोणी नाही. देवळात हार घातले आणि झालं.

पहिले काही महिने पुनम नुसती रडायची. हात जोडून काहीतरी सांगायची, पण तिची बोली कोणाला कळायची नाही. योगेंद्र घाबरला. मंजुळाबाई म्हणाली, "नवी पोर शे. बठ्ठ्या पोरी रडतस. मी बी रडेल शे." सगळ्याच रडतात, तीही रडली होती, एवढंच तिचं म्हणणं.

भाऊबंदातल्या तोतारामची अशीच आणलेली बायको आठवड्यात दागिने घेऊन पळाली होती. म्हणून बाहेर जाताना मंजुळाबाई दाराला कुलूप लावायची. पुनमला मोबाईल नव्हता. योगेंद्रला ते बरं वाटायचं नाही, पण तोतारामचं तोंड आठवलं की तो गप्प बसायचा. ही गेली तर आपलं काही खरं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

आणि आता ही पोरगी त्याच्या शेजारी बसून राज्य वसवत होती! दीड वर्षात मराठीही छान बोलायला लागली होती.

"बनसुती," ती सांगायची. "मग कुरमाटोला. इथं शुक्रवारचा बाजार. बाजारातून नदीपर्यंत कच्चा रस्ता, ट्रक हळू घ्यायचा. इथं होडी लागते. पलीकडे तीन चिंचा. चिंचांच्या मागं शेवटचं घर, समोर हातपंप. ट्रकनं माल तिथंच उतरवायचा."

"तिथंच का?"

"शेवटचं घर आहे ना."

"अगं, तू तर लेखिका व्हायला पाहिजे होतीस! हे सुचतं कुठून तुला?"

पुनम स्क्रीनकडे बघत राहिली. "बसल्या बसल्या."

एकदाच दोघांचं वाजलं. योगेंद्रनं कुरमाटोलाचं केळगाव केलं. ऐकायला गोड.

"नाव बदलायचं नाही," ती म्हणाली. आवाज एवढा चढला की मंजुळाबाई ओट्यावरून आत आली. "एकही नाव बदलायचं नाही!"

"बरं बाई, तू या राज्याची मुख्यमंत्री," योगेंद्र म्हणाला. मनातून तो हरखलाच. बायको हक्कानं भांडते म्हणजे घर आपलं मानते.

गेम तयार झाला, इंटरनेटवर टाकायचा ठरला. पुनम म्हणाली, "गेमच्या खाली तुमचा नंबर टाका. कोणाला काही विचारायचं असलं तर?" त्यालाही ते पटलं. मग रोज तो दुकानातून आला की तिचा एकच प्रश्न, "किती लोकांनी पाहिला? कुठले कुठले होते?" योगेंद्र मित्रांना सांगत सुटला, बायको माझ्यापेक्षा येडी आहे गेमसाठी.

एका ट्रक ड्रायव्हरनं गेमचा व्हिडिओ टाकला आणि गेम पळत सुटला. कुठून कुठून लोक खेळायला लागले. योगेंद्र पेढे घेऊन घरी आला. मंजुळाबाईनं देवापुढं एक ठेवला, एक सुनेच्या हातात दिला, आणि म्हणाली, "आते कुलूप नको, योग्या. पोर रमनी."

योगेंद्रला भरून आलं. दीड वर्षं छातीवर होता तो दगड उतरला.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यानं कौतुकानं स्पीकर लावला, पुनमलाही ऐकू दे म्हणून.

"भैया, तो ट्रकवाला गेम तुम्हीच बनवला?" माणूस हिंदीत बोलत होता. आवाज दबका.

"हो हो, मीच. म्हणजे मी आणि बायकोनं."

"त्यातली गावं कुठली आहेत?"

"कुठली नाहीत, भाऊ. नवलप्रदेश! सगळं डोक्यातून काढलेलं."

"तीन चिंचा, त्यांच्या मागं घर, समोर हातपंप. तेही डोक्यातून?"

"तेही," योगेंद्र हसला. "का? तिथं माल उतरत नाहीये का?"

दारात उभ्या पुनमच्या हातातला पेढा खाली पडला.

"मी त्याच घरात बसलोय, भैया," माणूस म्हणाला. "माझी बायको शुक्रवारच्या बाजाराला गेली होती, ती परत आलीच नाही. आमची पोरगी इथं माझ्या मांडीवर आहे. तिच्या आईला जरा फोन द्या."