रानपिंगळ्याची साद

“इतक्या जवळून कसा मिळाला हो हा फोटो?” प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, आणि रेवतीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “धीर धरावा लागतो.”

शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नणंदेने, प्रभाने, मान खाली घातली. मेळघाटात हा फोटो काढला त्या सकाळी तीही सोबत होती. दुर्मिळ झालेला रानपिंगळा, घुबडाच्या जातीतला छोटा पक्षी, चोचीत पाल धरून पिल्लांच्या ढोलीकडे निघाला होता. रेवतीने मोबाईलवर त्याच्याच जातीची साद वाजवली. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून तो गर्रकन वळला, अगदी समोरच्या फांदीवर येऊन त्वेषाने ओरडू लागला आणि चोचीतली पाल खाली पडली. “वहिनी, बस करा आता, पिल्लं उपाशी आहेत,” प्रभा काकुळतीने म्हणाली. “एकच मिनिट गं,” म्हणत रेवतीने उन्हं चढेपर्यंत साद वाजवत ठेवली. शेवटी थकलेला पक्षी जंगलात निघून गेला. ढोलीतला कालवा चालूच होता.

प्रभाची ती खाली गेलेली मान बघून रेवतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “खोटं बोलले मी,” ती म्हणाली. जमलेल्यांपुढे तिने सगळं सांगितलं आणि फोटो भिंतीवरून उतरवला.

लोक पांगले. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ तेवढा मागे रेंगाळला. जवळ येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, तो आवाज मला व्हॉट्सअ‍ॅप कराल का?”

रेवती ‘नाही’ म्हणाली खरी, पण त्याच्यावर चिडायला तिला तोंडच उरलं नव्हतं.