खापर उचलायचं कापड

ज्ञानेश्वरनानांनी पाणबुड्यांच्या तळावर जन्मभर गरम पायपांना ॲसबेस्टॉसचं कापड गुंडाळलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, "त्याच कापडाची धूळ फुप्फुसात बसलीय, नाना. एखादा तुकडा घरी नाही ना आणला?"

नाना तडक गावी आले. अखजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे मांडे चालले होते. मांडे भाजायचं तापलेलं खापर उचलताना हात भाजू नये, म्हणून त्यांनीच तसा एक तुकडा बायकोला, तानुबाईला दिला होता.

"खापर उचलानं कापड कोठे शे?"

"घरमा कोठे? बठ्ठी गल्लीमा घरोघर फिरी राहिनं," तानुबाई कौतुकानं म्हणाली.

समोरच्या ओट्यावर शेजारची सारिका ते जोरजोरात झटकत होती. उडणारी पांढरी भुकटी तिच्या कडेवरचं पोर खिदळत मुठीत पकडत होतं.