बिनवासाची बाटली

"आधी ती बाटली दे इकडं," सविता आईला म्हणाली.

भागीबाई डोंगरातल्या पेठहून एसटीनं आलेली, नातवाला खांद्यावर टाकून शहरातल्या इंदिरानगरपर्यंत पोचलेली. सविता कामाला होती त्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये अजून धड टेकलीही नव्हती. तिनं पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली. उकळून उकळून पिवळी पडलेली, कितीही घासली तरी आंबूस वास न सोडणारी. तेवढ्यात रस्त्यावर घंटागाडी आली. सवितानं ती बाटली नेऊन सरळ गाडीत भिरकावली आणि हात झटकत परत आली.

मग पदराखालून नवी काढली. मालकीण संध्याताईंच्या भावानं अमेरिकेहून दोन आणल्या होत्या. एक ताईंच्या तान्ह्या स्नेहासाठी. दुसरी ताईंनी आपणहून सविताच्या हातावर ठेवली होती, तुझ्या गोटीरामला दे म्हणून. सिलिकॉनची बाटली. ना काच, ना प्लास्टिक. आपटली तर फुटत नाही, उकळली तर पिवळी पडत नाही, आणि दाबली तर गालासारखी मऊ. स्नेहाला दिवसरात्र सविताच सांभाळायची, त्यामुळे बाटलीचे सगळे गुण तिला तोंडपाठ होते.

"हुंगून बघ," ती म्हणाली. "कसलाच वास नाय."

भागीबाईनं हुंगून पाहिलं. "खरंच नाय गं."

सविता त्या दिवशी पहाटेच न्हाली होती. ताईंनी दिलेला साबण, केसांना सुवासिक तेल, मानेवर स्नेहाची पावडर. गोटीराम चार महिन्यांचा असताना त्याला आईजवळ ठेवून ती या कामावर आली होती. त्यानंतर गावाकडे भाताची लावणी झाली, कापणी झाली, तिला काही जाता आलं नाही. इतक्या दिवसांनी लेकरानं आपल्याला बघावं ते नीटनेटकं बघावं, एवढीच तिची हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

पायरीवर बसून तिनं हात पुढे केले. गोटीराम आला. तिच्या मानेशी नाक नेलं आणि असा किंचाळला की वॉचमननं खोलीतून डोकं बाहेर काढलं. दूध भरलेली बाटली तोंडाशी नेली तर त्यानं हातानं लोटली. ती फरशीवर पडली, फुटली नाही, उसळून पार स्कूटरखाली गेली. सवितानं ती धुऊन आणली, दूध पुन्हा भरलं. पुन्हा तीच गत.

शेवटी भागीबाईनं त्याला मांडीवर घेतलं. बाटली तीच, दूधही तेच. पोर आजीच्या अंगावरच्या फडकीत बोटं गुंतवून चुटूचुटू प्यायला लागलं. सविताचं अंगावरचं दूध केव्हाच आटलं होतं, तरी तो आवाज ऐकून छातीत कळ आली.

"बाटलीचं काय नाय म्हणायचं," ती म्हणाली. "माझंच हाय."

भागीबाई पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. लेकीच्या तोंडाकडे तिला बघवेना.

"दुपारच्या गाडीनं तुम्ही जाशाल. एकदाच, आये. एकदाच माझ्या हातून पिऊ दे त्याला."

म्हातारीनं थोडा विचार केला. मग एका हातानं अंगावरची फडकी सोडली. डोंगरातल्या बाया लुगड्यावरून घेतात तसली ती लाल ओढणी. तिला चुलीचा धूर, मशेरी, नागलीचं पीठ, शेळ्या, सगळ्यांचा मिळून एक वास होता. ताईंनी पाहिली असती तर आधी मशीनमध्ये टाकायला लावली असती. भागीबाईनं ती सविताच्या डोक्यावरून घेतली, मान झाकली, कपाळ झाकलं.

"आता बोलू नको," ती कुजबुजली. "तुझा आवाज त्याच्या वळखीचा नाय."

गोटीरामचे डोळे पेंगायला लागले होते. भागीबाईनं त्याला अलगद सविताच्या मांडीवर सरकवलं आणि आपण खांबाआड जाऊन उभी राहिली. पोर जरा चुळबुळलं. मग त्यानं फडकीत नाक खुपसलं, एक लांब श्वास घेतला आणि बाटली तोंडात धरली.

तो प्यायला लागला. प्रत्येक घोटासरशी मऊ बाटली सविताच्या तळव्यात जराशी आकसायची, पुन्हा फुगायची. त्याच्या कानामागे एक तीळ होता. तो तिला ठाऊकच नव्हता. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं तरी तिनं नाक ओढलं नाही. तेवढ्यानंही तो ओळखेल असं तिला वाटलं.

आणि वर स्नेहा रडायला लागली.

आधी कुरकुर, मग भोकाड. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चपला वाजल्या.

"सविता, येतेस का गं?" संध्याताई वरून म्हणाल्या. "तुझ्याशिवाय बाटली घेतच नाही ही."

'आले ताई' हे रोजचे शब्द सविताच्या ओठांवर आले. तोंड उघडलं, तसा गोटीराम प्यायचा थांबला. पापण्या अर्धवट उघडल्या. तिनं ओठ घट्ट मिटले. जरा वेळानं बाटली तिच्या हातात पुन्हा आकसली.

खांबाआडून भागीबाई लेकीकडे बघत होती. तिलाही ओ देता येत नव्हती. आजीचा आवाज खांबाकडून आला असता, तर मांडी कुणाची हे पोराला कळलं असतं.

"सविता? खाली आहेस ना गं?"

सवितानं फडकी कपाळावरून आणखी खाली ओढली. बाटलीत अजून दोन घोट दूध होतं.