उणे वीस
उत्तरेकडच्या कारागांदाच्या बालवाडीत भरदुपारी मुलं टोप्या घालून झोपली होती. बाहेर उणे पस्तीस. बाई कोमट रेडिएटरवर हात आपटून ओरडल्या, "तो भट्टीवाला नुसत्या झोपा काढतो!" इंजिनिअरिंग संपवून सल्लागार कंपनीत लागल्यावरचं हे माझं पहिलंच काम. इथला बॉयलर मी सवयीने माझ्या दक्षिणेतल्या अल्माटी शहराच्या थंडीवर बेतला होता, उणे वीस. 'तपासलं' रकान्यात साहेबांनी न बघताच सही ठोकली होती: "लाल डिप्लोमावाली, अव्वल आलेली तू, तुझं काय तपासायचं!" आता फोनवर तेच साहेब कुजबुजले, "भट्टीवाल्यावर ढकल, नाहीतर आपण दोघं घरी बसू." मी तळघरात उतरले. म्हातारे भट्टीवाले झुमाबाय अता, सगळ्यांचे आजोबाच, घामाने निथळत कोळसा लोटत होते. भिंतीवर माझ्या सहीचा बॉयलरचा नकाशा चिकटवलेला. "ये पोरी, चहा घे," ते धापा टाकत म्हणाले, "तू शिकलेली, नकाशात बघून सांग ना, माझं कुठे चुकतंय?"