दोन बोटं खाली

स्पीडब्रेकर दिसताच शैलजाने गाडी जवळजवळ थांबवली, तिरकी केली आणि एकेक चाक अलगद पलीकडे उतरवलं. खाली काहीही घासलं नाही. शेजारी बसलेल्या हृषीकेशने उगाचच पाय वर घेतले होते, ते त्याने गुपचूप खाली ठेवले.

"दर ब्रेकरला हे असं करतेस, आई?"

"मग काय! तो थोडाच उठून बाजूला होणार आहे?"

एक साठी उलटलेली आई आणि एक तिची दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार. या दोघींची ताटातूट करायला हृषीकेश पुण्याहून इंदूरला आला होता. मानपूरचा घाट उतरल्यावर एका ढाब्यावर मनीष नावाचं गिऱ्हाईक वाट बघत होतं. त्याला दोन्ही किल्ल्या हव्या होत्या, म्हणून कपाटातली दुसरी किल्ली हृषीकेशने सकाळीच न विचारता खिशात टाकली होती. शैलजाने ते पाहिलं होतं. "दाखवायला चल, पण चालवणार मी," एवढंच ती म्हणाली होती.

"शेजारच्या मनोरमाकाकूंचा फोन आला होता. भाजीबाजारात दोन भाजीवाल्यांनी तुला गाडीतून ओढून काढलं म्हणे."

"ओढून नाही रे. हात दिला. आणि एकानेच. दुसरा नुसताच खाली-फुकट बघत उभा होता."

"ज्या गाडीतून आपल्याआपण उतरता येत नाही, ती ठेवायची कशाला? त्यात तू ती आणखी खाली करून घेतलीस!"

"दोनच बोटं."

खरं दुखणं तेच होतं. मागच्या महिन्यात शैलजाने जुन्या स्प्रिंगा काढून आखूड, कडक स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप बसवून घेतले होते. गाडी दोन बोटं खाली आली, तिच्याबरोबर सीटही खाली गेली. गुडघे मात्र होते तेच राहिले.

महू मागे पडलं. आता प्रत्येक खड्डा हृषीकेशच्या कण्यातून वर येत होता, आणि दर खड्ड्याला तो "हे बघ" म्हणून आईकडे तक्रार नोंदवत होता.

"रस्ता आहे तो, गादी थोडीच आहे," शैलजा म्हणाली. "मिस्त्री तर चार बोटं करू म्हणत होता. मी म्हटलं, बिलकुल नाही. स्प्रिंगला दबायला जागाच नाही उरली तर गाडी खड्ड्यात टप्पे खाते. दिसते फक्त छान."

मग घाट लागला.

पुढे एक उंच गाडी चालली होती, हृषीकेशच्या पुण्यातल्या गाडीसारखीच. रस्ता उजवीकडे वळला आणि तिच्या मागच्या काचेतली तीनही डोकी एकदम डावीकडे कलली.

"बघून घे. आधी आपली पण अशीच झुकायची."

वळणाच्या अलीकडेच शैलजाने वेग उतरवला, स्टिअरिंग एकदाच वळवलं आणि हात स्थिर ठेवले. हृषीकेशने दाराची मूठ गच्च धरली होती, पण तिचा काही उपयोग करावा लागला नाही. गाडी कललीच नाही म्हटलं तरी चालेल. रस्त्याला चिकटून वळली आणि जिथे बोट दाखवावं तिथे निघाली.

"खाली बसली ना, की तिचं वजन पण खाली राहतं. मग ती झोके नाही खात," शैलजा म्हणाली. "मी सांगते, ती ऐकते. मधे बडबड नाही. तू असा वागला होतास कधी?"

दोन-तीन वळणं गेली आणि हृषीकेशच्या हातातली मूठ कधी सुटली ते त्यालाही कळलं नाही. आणखी थोड्या वेळाने तो सीटमध्ये पुढे सरकून बसला.

"आई, घे की पुढे! ती उंच गाडी उगाच रेंगाळतेय."

"घाटात कुणाच्या पुढे नाही काढत, बेटा."

तो शाळकरी पोरासारखा मागे टेकला. त्याला भयंकर मजा येत होती आणि ती लपवताना त्याचा चेहरा विचित्र झाला होता. शैलजाने तिकडे मुद्दामच पाहिलं नाही.

ढाब्यावर मनीष खाटेवरून उठला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"भोत सई बैठी है, भिया!" गाडी किती छान खाली बसलीय ते बघून तो खिडकीतून हृषीकेशला म्हणाला. "दोनों चाबी लाए हो ना?"

शैलजाने आपल्या बाजूचं दार उघडलं. सीट मागे सरकवली, दोन्ही पाय बाहेर जमिनीवर टेकवले, दाराची चौकट धरली. पहिल्या झोक्यात जमलं नाही. दुसऱ्यात ती उभी राहिली. भाजीबाजारातल्या त्या दिवसापासून ती हे रोज अंगणात करत होती, पण मनोरमाकाकूंनी तेवढं फोनवर सांगितलं नव्हतं.

हृषीकेशने त्याच्या बाजूचं दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला, तर दुसरा डॅशबोर्डखाली अडकला. मधे पोट आलं. त्याने जोर लावला, अर्धा वर आला आणि धप्पकन पुन्हा सीटमध्ये बसला. परत जोर लावला. परत बसला.

"रुको भिया, मैं खींचता हूँ," मनीष धावला.

"रहने दो मनीषजी, माझा मुलगा आहे," म्हणत शैलजा गाडीला वळसा घालून आली. मुलासमोर उभी राहिली. तिने हात पुढे केला.

हृषीकेशने तो धरायला आपला हात वर केला, तशी ती जराशी मागे सरली. तळहात उघडाच होता.

"आधी किल्ली," शैलजा म्हणाली. "मग हात."